मेडिकेड : कायद्यातील हक्क आणि कचेरीतील कागद

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात इंडिपेंडन्स नावाचे एक शहर आहे. माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे हे गाव. ३० जुलै १९६५ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मुद्दाम वॉशिंग्टनहून तेथे गेले आणि ट्रुमन यांच्या नावाने उभ्या असलेल्या ग्रंथालयात, वृद्ध ट्रुमन यांना शेजारी बसवून, त्यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यातील दुरुस्तीवर स्वाक्षरी केली. ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव संसदेपुढे मांडला होता तो नोव्हेंबर १९४५ मध्ये. तो संमत झाला नाही. वीस वर्षांनंतर त्यातील काही अंश कायद्यात उतरत होता आणि त्याचे पहिले ओळखपत्र ट्रुमन यांनाच देण्यात आले.

या एकाच कायद्याने दोन योजना जन्मास आल्या. पासष्ट वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही एक आणि गरीब कुटुंबे, अंध व अपंग व्यक्ती यांच्यासाठी ‘मेडिकेड’ ही दुसरी. गाजावाजा झाला तो मुख्यतः पहिलीचा. दुसरी योजना म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी मूळ मसुद्याला दिलेली जोड होती. मिल्स हे आर्कान्सा या राज्याचे प्रतिनिधी होते. १९६० साली गरीब वृद्धांच्या उपचारांसाठी त्यांनी राज्यांना अनुदान देणारा कायदा घडविला होता. मेडिकेड हा त्याचाच विस्तार होय. मागाहून जोडलेली ही योजनाच पुढे लाभार्थींच्या संख्येत मेडिकेअरच्या पुढे गेली. २०२५ मध्ये सुमारे सात कोटी माणसे तिच्या छत्राखाली होती. त्या देशातील दर दहा बाळंतपणांपैकी चार बाळंतपणांचा खर्च ही योजना करते, आणि परावलंबी वृद्धांच्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या दर दहांपैकी सहा व्यक्तींचा भारही तिच्यावरच आहे.

एवढ्या मोठ्या योजनेला गेल्या साठ वर्षांत अनेकदा धक्के बसले. ती टिकली कशी आणि जेथे गळती लागली तेथे ती कशामुळे लागली, हा प्रश्न परदेशाचा असला तरी लाभार्थींच्या याद्या करणाऱ्या, दाखले देणाऱ्या आणि अर्ज स्वीकारणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला जवळचा वाटावा असा आहे.

विमा म्हणावा की हक्क?

मेडिकेडला सार्वजनिक आरोग्यविमा म्हणतात खरे. परंतु तिच्यात लाभार्थीने हप्ता भरावा आणि त्याच्या बदल्यात संरक्षण घ्यावे असा व्यवहार मुळात नाही. पैसा शासनाचा आहे. संघ सरकार आणि घटकराज्य दोघे मिळून तो खर्च करतात. संघाचा वाटा कोठेही निम्म्यापेक्षा कमी नसतो. राज्य जितके गरीब तितका हा वाटा वाढतो आणि कायद्याने त्याची कमाल मर्यादा ८३ टक्के ठरविलेली आहे. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला तीन चतुर्थांशाहून अधिक रक्कम वॉशिंग्टनकडून मिळते.

यातील खरी मेख पुढेच आहे. कायद्यातील निकषांत बसणाऱ्या प्रत्येक माणसाला योजनेत घेणे राज्यावर बंधनकारक आहे, आणि त्याच्यावर होणाऱ्या खर्चातील आपला हिस्सा देणे संघ सरकारवर बंधनकारक आहे. तरतूद संपली, आता पुढील वर्षी या, असे कोणाला सांगता येत नाही. मंदी आली, कारखाने बंद पडले आणि लाखो माणसे एकदम पात्र ठरली, तर खर्च आपोआप वाढतो आणि त्याबरोबर संघाचा वाटाही वाढतो. अर्थखात्याला ही गोष्ट डोकेदुखीची वाटते, यात नवल नाही. योजनेवर आजवर झालेले बहुतेक सारे हल्ले नेमके या एका कलमावर आहेत.

सामील होणे राज्यांच्या इच्छेवर होते. बहुतेक राज्ये चारपाच वर्षांत आली. ॲरिझोना मात्र १९८२ साली, सर्वांत शेवटी आले. प्रत्येक राज्याने आपापली व्यवस्था उभारली आणि नावेही आपापली दिली. कॅलिफोर्नियात ती ‘मेडि-कॅल’, टेनेसीत ‘टेनकेअर’, विस्कॉन्सिनमध्ये ‘बॅजरकेअर’ या नावांनी ओळखली जाते. याचा एक विपरीत परिणाम असा की, आपण ज्या योजनेचा लाभ घेतो तीच मेडिकेड आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेडिकेडमध्ये कपात होणार अशी बातमी ऐकून ते निर्धास्त राहतात.

महाराष्ट्रातील वाचकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा परिचय आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि १ एप्रिल २०१७ पासून महात्मा फुल्यांचे नाव लाभलेली ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. मेडिकेडचा पसारा याहून वेगळा आहे. शस्त्रक्रिया आणि औषधे तिच्यात आहेतच. परंतु हातपाय न चालणाऱ्या माणसाला सकाळी अंथरुणावरून उठविणे, त्याला आंघोळ घालणे, भरविणे, चाकाच्या खुर्चीत बसविणे यासाठी जो मदतनीस लागतो त्याचे वेतनही ती देते. खासगी विमा कंपन्या हे करीत नाहीत. मेडिकेअरसुद्धा अशी दीर्घकाळची सेवा देत नाही. अपंगांच्या दृष्टीने मेडिकेडला पर्याय नाही, तो याच कारणामुळे. वृद्ध आणि अपंग मिळून लाभार्थींचा सुमारे पाचवा हिस्सा भरतो, पण जवळपास निम्मा खर्च त्यांच्यावर होतो. खर्च कमी करायचा म्हटले की सुरी कोठे फिरणार, हे या दोन आकड्यांवरून उघड होते.

शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी आणखी एक बाजू आहे. सैन्यभरतीच्या वयाच्या तरुणांपैकी एक तृतीयांश तरुण अपात्र ठरतील, असा निष्कर्ष १९६४ सालच्या एका शासकीय अहवालाने काढला होता. बालपणी वेळेवर उपचार झाले असते तर यांतील पुष्कळ दोष टळले असते, हेही त्यातून पुढे आले. त्यानंतर १९६७ साली मेडिकेडमधील प्रत्येक मुलाची वेळोवेळी तपासणी करणे आणि तपासणीत जे आढळेल त्यावर उपचार करणे राज्यांवर बंधनकारक झाले. दृष्टी, श्रवण, दात यांची तपासणी त्यात आली. १९८८ पासून शाळेतील अपंग मुलांना मिळणाऱ्या वाचोपचार, व्यायामोपचार अशा सेवांचा खर्चही मेडिकेडमधून भागविता येऊ लागला.

घर की संस्था?

कायद्यात जे लिहिले जाते त्याइतकेच काय लिहायचे राहून गेले यालाही महत्त्व असते. १९६५ च्या कायद्याने परावलंबी व्यक्तीला शुश्रूषागृहात ठेवण्याचा खर्च राज्यांवर बंधनकारक केला. तीच सेवा तिच्या घरी पुरविणे मात्र बंधनकारक केले नाही. परिणामी जो घरी राहू शकला असता त्यालाही मदतीसाठी संस्थेत जावे लागले.

हा विसंवाद साऱ्या देशाच्या नजरेस आणून दिला तो आयोवा राज्यातील केटी बेकेट या लहान मुलीने. तान्हेपणी मेंदूज्वर झाल्यामुळे तिला श्वसनयंत्राचा आधार घ्यावा लागे. तीन वर्षांची झाल्यावर ती घरी राहू शकेल असे डॉक्टरांनी सांगितले; घरचा खर्च रुग्णालयाच्या मानाने थोडाच होता. परंतु नियम असा की, ती रुग्णालयात असेपर्यंतच मेडिकेड खर्च देणार. घरी आली की आईवडिलांचे उत्पन्न मोजले जाणार आणि ती अपात्र ठरणार. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत या प्रकरणाचा उल्लेख केला आणि नियमाला अपवाद करण्यात आला. रेगन हे सरकारी खर्चाला कात्री लावण्यासाठी निवडून आलेले नेते. त्याच वर्षी त्यांनी मेडिकेडच्या संघीय वाट्यावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला होता. तरीही घरपोच सेवेची वाट त्यांच्याच कारकिर्दीत मोकळी झाली. १९८१ च्या कायद्याने राज्यांना विशेष सवलतीखाली घरी सेवा देण्याची परवानगी मिळाली, आणि केटीसारख्या मुलांसाठी १९८२ मध्ये वेगळी तरतूद झाली. केटी बेकेट शिकली, मोठी झाली, अपंगांच्या चळवळीत बोलू लागली. २०१२ साली तिचे निधन झाले.

सवलत म्हणजे हक्क नव्हे. तो फरक पुढे न्यायालयात पोहोचला. जॉर्जिया राज्यातील लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रिया मनोरुग्णालयात होत्या. त्या बाहेर, समाजात राहू शकतात असा अभिप्राय त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनीच दिला होता. परंतु बाहेर सोय नाही म्हणून त्यांना आतच ठेवण्यात आले. अटलांटा येथील विधिसाहाय्य संस्थेच्या वकिलाने १९९५ साली कर्टिस यांच्या वतीने दावा दाखल केला. पुढे विल्सनही त्यात सामील झाल्या. २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत अडकवून ठेवणे हा १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली भेदभाव ठरतो. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी हा निर्णय लिहिला. लोइस कर्टिस पुढे चित्रकार म्हणून नावारूपास आल्या. २०११ मध्ये व्हाइट हाउसमध्ये जाऊन आपले चित्र त्यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना भेट दिले.

२०१३ पासून मेडिकेडच्या दीर्घकालीन सेवांवरील खर्चात घरपोच व समाजातील सेवांचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला. तथापि मूळची तफावत अद्याप कायम आहे. शुश्रूषागृह बंधनकारक, घरची सेवा ऐच्छिक. अनेक राज्यांत त्यासाठी प्रतीक्षायाद्या असून २०२४ मध्ये त्यांवर सुमारे सात लाख नावे होती. राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला की ऐच्छिक सेवांनाच प्रथम कात्री लागते. कारण बंधनकारक सेवांना हात लावता येत नाही.

ठोक अनुदानाचा प्रश्न

खर्चाच्या प्रमाणात वाटा देण्याऐवजी दरवर्षी एक ठरावीक रक्कम राज्याच्या स्वाधीन करावी आणि तेवढ्यात राज्याने भागवावे, ही सूचना मेडिकेडबाबत पुनःपुन्हा पुढे येते. तिच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. राज्यांना मोकळीक मिळते, वॉशिंग्टनचा हस्तक्षेप कमी होतो, खर्चाला शिस्त लागते. परंतु साथ पसरली, महागडे नवे औषध निघाले किंवा बेकारी वाढली, तर वाढीव भार कोणी सोसावयाचा, याचे उत्तर ठोक अनुदानात ‘राज्याने, नाहीतर रुग्णाने’ एवढेच उरते. १९९५ साली संसदेने असे विधेयक संमत केले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी डिसेंबरमध्ये नकाराधिकार वापरून ते परत पाठविले.

२०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने उलट दिशा घेतली. तोपर्यंत गरीब असणे पुरेसे नव्हते. मूल, गरोदर स्त्री, मुलांचे पालक, वृद्ध किंवा अपंग अशा एखाद्या वर्गात बसावे लागे. एकटा, सडाफटिंग मजूर कितीही गरीब असला तरी बहुतेक राज्यांत अपात्र होता. नव्या कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना पात्र ठरविले. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा विस्तार राज्यांवर लादता येणार नाही असे ठरविले आणि निर्णय पुन्हा राज्यांकडे गेला. त्यानंतर जे घडले ते पाहण्यासारखे आहे. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी विस्तार नाकारला, त्यांपैकी काहींत नागरिकांनी सह्या गोळा करून प्रश्न थेट मतपेटीत नेला. २०१७ मध्ये मेन, २०१८ मध्ये आयडाहो, नेब्रास्का व युटा, २०२० मध्ये ओक्लाहोमा व मिसूरी, २०२२ मध्ये साउथ डकोटा. यांतील बहुतेक राज्ये सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या पक्षाची बालेकिल्ले आहेत, आणि तेथील मतदारांनी बहुमताने योजना मागून घेतली.

२०१७ साली हा विस्तार मागे घेऊन मेडिकेडवर दरडोई मर्यादा घालण्याचा मोठा प्रयत्न झाला. त्या वर्षी २२ जून रोजी ‘ॲडॅप्ट’ या संघटनेचे अपंग कार्यकर्ते सिनेटमधील बहुमत पक्षाच्या नेत्याच्या कार्यालयाबाहेर धरणे धरून बसले. चाकाच्या खुर्च्यांवरून उचलून नेल्या जाणाऱ्या माणसांची छायाचित्रे देशभर पोहोचली. त्या दिवशी ४३ जणांना अटक झाली. आपल्या मदतनिसाचा पगार मेडिकेडमधून होतो, तो थांबला तर आपल्याला पुन्हा संस्थेत जावे लागेल, इतके सरळ त्यांचे म्हणणे होते. २५ जुलै रोजी मेडिकेडवर मर्यादा घालणाऱ्या मसुद्याला सिनेटमध्ये ४३ मते मिळाली, ५७ विरोधी पडली. २८ जुलैच्या पहाटे उरलासुरला मसुदाही ४९ विरुद्ध ५१ मतांनी कोसळला.

गळती कोठे लागते

आतापर्यंतचे वर्णन वाचून असे वाटेल की, संसद आणि न्यायालय येथे हक्क राखला की काम झाले. आर्कान्सातील अनुभव वेगळे सांगतो. विल्बर मिल्स यांच्या याच राज्याने जून २०१८ मध्ये एक अट लागू केली. तीस ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या ठरावीक लाभार्थींनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा तत्सम उपक्रम केल्याची नोंद दरमहा द्यावी; वर्षात तीन महिने नोंद चुकली तर उरलेल्या वर्षासाठी नाव कमी होईल. अट ऐकावयास गैर वाटत नाही. धडधाकट माणसाने काम करावे, असे कोण म्हणणार नाही?

परंतु नोंद द्यावयाची कशी? प्रारंभी ती केवळ संगणकावरून, संकेतस्थळावरच देता येई. इंटरनेटची सोय देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांपैकी आर्कान्सा एक. त्यातही ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद ठेवले जाई. म्हणजे दिवसभर कोंबड्यांच्या कारखान्यात किंवा शेतावर राबणाऱ्याने काम केल्याची नोंद करण्यासाठी कामाच्याच वेळी सवड काढावयाची. फोनवरून नोंद देण्याची सोय झाली ती डिसेंबरमध्ये. तोवर १८,००० हून अधिक माणसांची नावे गेली होती. मार्च २०१९ मध्ये संघ न्यायालयाने ही अट रद्द केली. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी पाहणी केली तेव्हा आढळले की, ज्यांना अट लागू होती त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक एक तर आवश्यक तेवढे काम करीतच होते किंवा त्यांना सूट मिळावयास हवी होती. रोजगारात वाढ झाल्याचे दिसून आले नाही. अनेकांना अशी काही अट आहे हेच माहीत नव्हते.

एका राज्यात जे थोड्या प्रमाणावर घडले ते पुढे साऱ्या देशात घडले. कोविडच्या साथीत, मार्च २०२० पासून, कोणाचेही नाव मेडिकेडमधून कमी करू नये असा संसदेचा आदेश होता. लाभार्थींची संख्या मुलांच्या पूरक योजनेसह सुमारे ९ कोटी ४० लाखांवर पोहोचली. १ एप्रिल २०२३ पासून हा आदेश संपला आणि प्रत्येकाची पात्रता नव्याने तपासण्याचे काम सुरू झाले. पुढील दीड वर्षात अडीच कोटींहून अधिक माणसांची नावे निघाली. त्यांतील सुमारे ६९ टक्के नावे ‘प्रक्रियात्मक’ कारणांनी निघाली. म्हणजे ती माणसे अपात्र आहेत असे कोणी ठरविले नव्हते. पत्र जुन्या पत्त्यावर गेले, अर्ज मुदतीत आला नाही, एखादा कागद जोडावयाचा राहिला, कचेरीचा फोन लागला नाही.

कायद्यात यावर उपाय होता. शासनाकडे पगाराची, कराची व अन्य मदतयोजनांची जी माहिती आधीच आहे ती पाहून, लाभार्थीला न बोलाविता, त्याचे नूतनीकरण करावे असा नियमच आहे. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात संघ सरकारच्या असे लक्षात आले की, सुमारे तीस राज्यांतील संगणक माणसाऐवजी कुटुंब मोजत होते. कुटुंबातील एकाची माहिती अपुरी असली की सगळ्यांनाच अर्ज पाठविला जाई, आणि अर्ज परत आला नाही की सगळ्यांचीच नावे जात. मुलांची उत्पन्नमर्यादा आईवडिलांपेक्षा जास्त असल्याने मुले निःसंशय पात्र असत, तीही जात. चूक दुरुस्त झाल्यावर सुमारे पाच लाख व्यक्तींचे, विशेषतः मुलांचे, संरक्षण परत देण्यात आले. संगणकाला दोष देणे सोपे आहे. पण कुटुंब मोजावे असे त्याला कोणीतरी सांगितले होते.

अपंगांच्या वाट्याला आणखी एक कागद येतो. अपंगत्वाच्या आधारे निर्वाहभत्ता आणि त्याबरोबर मेडिकेड मिळणाऱ्या एकट्या व्यक्तीजवळ २,००० डॉलरांपेक्षा अधिक शिल्लक असता कामा नये. दांपत्यासाठी ही मर्यादा ३,००० आहे. १९८९ पासून ती बदललेली नाही. दोन अपंग व्यक्तींनी लग्न केले तर दोघांची मिळून मर्यादा एक हजाराने खाली येते. पैसा साठविणे हेच अपात्रतेचे कारण ठरावे, याचे समर्थन कोणी करील असे वाटत नाही. तरी मर्यादा तशीच आहे. २०१४ च्या एका कायद्याने विशेष बचतखात्यात काही रक्कम ठेवण्याची मुभा मिळाली, हीच काय ती सवलत.

२०२५ चा कायदा

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ज्या व्यापक अर्थविधेयकावर स्वाक्षरी केली त्यात मेडिकेडविषयी योजनेच्या इतिहासातील सर्वांत मोठी कपात आहे. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी होऊन उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने ते पुढे गेले. प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४ मतांनी संमत झाले. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार दहा वर्षांत मेडिकेडवरील संघीय खर्च ९०० अब्ज डॉलरांहून अधिक कमी होईल आणि एकूण कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमाहीनांच्या संख्येत सुमारे एक कोटीची भर पडेल.

लक्षणीय बाब अशी की, या कायद्याने ठोक अनुदान आणले नाही. हक्क कागदोपत्री कायम आहे. १९९५ व २०१७ मध्ये जो दरवाजा उघडला नाही तो या वेळी ठोठावलाही नाही. त्याऐवजी विस्तारात आलेल्या १९ ते ६४ वर्षांच्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम उपक्रमाची अट घालण्यात आली असून ती राज्यांनी १ जानेवारी २०२७ पर्यंत अमलात आणावयाची आहे. प्रयत्न करूनही तयारी न झालेल्या राज्यांना २०२८ अखेरपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. याच वर्गाची पात्रता वर्षातून एकदा तपासली जाई, ती यापुढे दर सहा महिन्यांनी तपासली जाईल. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतील उपचारांचा खर्च मिळत असे, तो कालावधी विस्तारातील लाभार्थींसाठी एक महिन्यावर आणि इतरांसाठी दोन महिन्यांवर येईल. रुग्णालयांवरील करातून राज्ये आपला हिस्सा उभा करीत, त्यावरही मर्यादा येत आहे. ग्रामीण रुग्णालयांना याचा फटका बसेल हे ओळखून पाच वर्षांसाठी ५० अब्ज डॉलरांचा वेगळा निधी ठेवण्यात आला आहे.

कायद्याचे समर्थक म्हणतात की, अपंग, गरोदर स्त्रिया आणि तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक यांना अटीतून सूट आहे. योजना खऱ्या गरजूंसाठी राखली जावी एवढाच हेतू आहे. सूट आहे हे खरे. परंतु अपंगत्व असलेले अनेक प्रौढ अपंगत्वाचा भत्ता घेत नाहीत. उत्पन्नाच्या निकषावर ते विस्तारातच मोडतात. मनोविकार, सांध्यांचे जुनाट दुखणे, फेफरे यांनी ग्रासलेल्या माणसाला सूट हवी असेल तर आपण सूट मिळण्याइतके आजारी आहोत हे सिद्ध करावे लागणार. त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागेल, आणि डॉक्टरकडे जाण्यासाठी मेडिकेडचे ओळखपत्र. आर्कान्सातही सूट होतीच.

राज्यांच्या आरोग्यखात्यांपुढील काम आता प्रशासकीय आहे आणि ते अवघड आहे. पगारपत्रक असलेल्या कारखान्यातील मजुराचे तास शासनाला नोंदींवरून कळू शकतात. त्याला काही करावे लागणार नाही. हंगामी शेतमजूर, दोनतीन घरी धुणीभांडी करणारी बाई, रोख मजुरीवर छपरे शाकारणारा गडी यांचे तास कोणत्याही नोंदीत नाहीत. रुग्णाच्या जुन्या कागदपत्रांवरून त्याची सूट परस्पर ठरविणे राज्याला शक्य आहे; तसे करावयाचे की प्रत्येकाकडून नवा दाखला मागावयाचा, याला महत्त्व येईल. पत्त्यातील बदल टपालखात्याकडून घ्यावेत, पत्र परत आले तर फोन करावा, तरीही न सापडल्यास निदान मोहल्ल्यातील दवाखान्याला कळवावे, असे उपाय २०२३ मध्ये काही राज्यांनी केले होते आणि तेथे गळती तुलनेने कमी राहिली. ऑरेगन राज्याने तर सहा वर्षांखालील मुलांची दरवर्षीची तपासणीच बंद केली. मूल एकदा नोंदले की सहावा वाढदिवस होईपर्यंत त्याचे नाव कायम राहते, मधल्या काळात आईबापांनी घर बदलले, नोकरी बदलली तरीही.